तुपाच्या डब्यावरचा माझा फोटो

नगरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी एकतीस वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट होते. निदान माझ्या नेमणूकपत्रात तरी तसं लिहिलेलं होतं. रुग्णालयात मला ‘व्यायामाच्या बाई’ म्हणत, पेशंटचे नातेवाईक ‘मालिशवाल्या मॅडम’ म्हणत. आमच्या मोहल्ल्यात अजूनही समजूत आहे की मी नर्स होते, आणि इंजेक्शन देता येत असूनही मी मुद्दाम देत नाही.

आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या पार टोकाला होता. ज्या मुलांना चालता येत नाही त्यांना दुसऱ्या मजल्यावर बोलवायचं, यात व्यवस्थापनाने काहीतरी खोल विचार केलेला असणार. लिफ्ट होती, पण ती ‘फक्त स्ट्रेचरसाठी’ होती, आणि लिफ्टमनच्या मते आईच्या कडेवरचं मूल म्हणजे स्ट्रेचर नव्हे. विभागात दोन गाद्या, एक मोठा रबरी चेंडू, भिंतीला आरसा आणि एक खुळखुळा. पुढे एक परदेशी यंत्रही आलं. त्याचं थाटात उद्घाटन झालं; ते चालवायला शिकवणारा माणूस मात्र आला नाही. आम्ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालत असू.

माझं खरं काम व्यायामाचं नव्हतंच, समजावून सांगण्याचं होतं. डॉक्टर पाच मिनिटं बोलत, तीही फाइलशी. मग ती फाइल घेऊन माणसं जिना चढून माझ्याकडे येत आणि विचारत, “काय म्हनले डॉक्टर?” मला समजावून सांगण्याची हौस होती, आणि ते मला चांगलं जमतं असा गर्वही होता. पुढे जे झालं ते या गर्वानेच झालं.

मनीषा पहिल्यांदा आली तेव्हा तिची मुलगी तनुजा आठ महिन्यांची होती. काष्टीच्या पुढे एका वस्तीवर त्यांचं घर. नवरा साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर, म्हणून सोबत सासरे आले होते, आबा. तनुजा सातव्या महिन्यात जन्मली होती आणि सव्वा महिना काचेच्या पेटीत होती. आता ती हसत होती, आवाजाकडे बघत होती, पण मान धरत नव्हती. पाय एकमेकांवर कात्रीसारखे चढत होते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा झाल्याचं लिहिलं होतं.

“पांढरा भाग म्हंजे?” आबांनी विचारलं.

मी नेहमीसारखी सुरू झाले. मेंदूतून निघालेल्या तंतूंवर एक आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं. आवरण असलं की निरोप झपाट्याने पोहोचतो. नसलं की तो रेंगाळतो, नाहीतर वाटेतच विरतो. हे आवरण बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्यांचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट.

आबांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा मध्येच अडकले. शेवटी आम्ही दोघांनी मिळून त्यांना ‘गुंडाळ्या पेशी’ म्हणायचं ठरवलं.

या पेशी तयार होऊन जन्माला येत नाहीत. आईच्या पोटात असताना बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला त्यांचं बाळरूप तयार होतं. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत त्या मेंदूभर पसरतात. या वयात त्यांना काही बनवता येत नाही, फक्त पसरता येतं. मग त्या जागा धरतात आणि त्यांना फांद्या फुटतात. हे त्यांचं अर्धवट वय. शेवटी त्या पिकतात. तेव्हा फांदीचं टोक एखादा तंतू पकडतं आणि त्याच्याभोवती वेढ्यावर वेढे घालतं. एक पेशी असे कितीतरी तंतू सांभाळते. ज्यांना तंतू मिळत नाही त्या बहुतेक मरून जातात. निसर्गात अनुकंपा तत्त्वावर नेमणूक नाही.

सातव्या महिन्यात बाळाच्या मेंदूत नेमकी या अर्धवट वयाच्या पेशींची गर्दी असते, आणि हेच वय सगळ्यात नाजूक. प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला की पहिला फटका त्यांनाच. शरीर नव्या पेशी पाठवतं, पण त्यातल्या पुष्कळशा त्याच वयात अडकून पडतात. त्या जिवंत असतात, त्यांना फांद्याही फुटलेल्या असतात, पण त्या वेढे घालत नाहीत.

आबा विचार करून म्हणाले, “म्हंजे कांद्याला पात लई जोरात आलीय, पर कांदा पोसंना.”

मी इतकी वर्षं वायर घेऊन बसले होते, आणि या माणसाने एका वाक्यात काम संपवलं.

“मग खत कोनतं टाकायचं?”

“खत नाही आबा, हालचाल. तंतूंमधून निरोप जात राहिले तर या पेशींना पिकायला मदत होते, असं दिसलंय.”

“कुनात दिसलंय?”

“उंदरांत,” मी खरं ते सांगितलं.

आबा म्हणाले, “उंदरांचं बरं चाललंय म्हना. आमच्या पोरीचं बोला.”

मग मी तेही सांगितलं. माणसात हे किती होतं, कुणालाच नेमकं माहीत नाही. पण व्यायाम केला नाही तर पायाचे स्नायू आखडत जातात, हे मात्र पक्कं. मनीषा म्हणाली, “किती दिवस यायचं?”

“आठवड्यातून तीनदा. वर्षं लागतील.”

“येते,” ती म्हणाली. आणि ती येऊ लागली. सकाळची एसटी, कडेवर तनुजा, खांद्याला पिशवी, जिन्याच्या चव्वेचाळीस पायऱ्या. दीड महिन्यात तनुजाने मान धरली. पालथी घातली की ती मान वर करून आरशातल्या स्वतःकडे बघायची आणि तिथे दुसरंच कुणी असल्यासारखी खुश व्हायची.

त्याच सुमारास रुग्णालयाने जनजागृती सप्ताह जाहीर केला. प्रत्येक कर्मचाऱ्याने एका गावात व्याख्यान द्यायचं, आणि ते दिल्याचा फोटो, मागे बॅनर दिसेल असा, त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचा. व्याख्यान कसं झालं हे कुणी विचारणार नव्हतं; बॅनरची इस्त्री मोडलेली दिसली तर मात्र खुलासा मागवणार होते. माझ्या वाट्याला काष्टी आलं.

सभागृह निम्मं भरलं होतं. आबा पहिल्या रांगेत बसून शेजारच्यांना “आमच्या नातीच्या मॅडम हायेत” असं सांगत होते. मी रंगात आले. जन्मानंतर पहिल्या दोन वर्षांत या पेशींचं काम सर्वांत जोरात चालतं, मग मेंदूच्या मागच्या भागाकडून पुढे सरकत जातं, आणि कपाळामागचा भाग, ज्याने माणूस विचार करून पाऊल उचलतो, तिथलं आवरण तर विशी ओलांडली तरी पूर्ण होत नाही, असं मी सांगितलं.

एक शिक्षक उठले. “मॅडम, पण निवडणुकीला तर एकविसाव्या वर्षी उभं राहता येतं.”

मागून कुणीतरी ओरडलं, “वय सोडा वो सर! आमचा साठीचा हाय, त्याचं तरी कुठं पुरं झालंय?”

सभागृह हसलं. सरपंच सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, बोलणं माजी सरपंचांबद्दल चाललंय.

शेवटचा प्रश्न दत्तूनानांनी विचारला. दत्तूनानांची गावात डेअरी होती. त्याआधी त्यांनी विमा विकला होता, पाण्याचे फिल्टर विकले होते आणि गुडघेदुखीचे चुंबकी पट्टे विकले होते. मऊ बोलणारे, हात जोडूनच उभे राहणारे गृहस्थ.

“मॅडम, त्ये आवरन कशाचं असतं?”

“बरंचसं स्निग्ध पदार्थांचं.”

“म्हंजे तूप?”

फोटो काढणारा क्लार्क दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता. मी हसून म्हणाले, “तसंच समजा.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी बोललेलं सर्वांत दूरवर पोहोचलेलं वाक्य तेच.

नंतर तनुजा यायची थांबली. एक आठवडा मी एसटीला दोष दिला, दुसऱ्या आठवड्यात तापाला. फोन लावला की मोबाईल पोहोच क्षेत्राबाहेर. मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सगळे करतात: ‘पालकांची चिकाटी कमी पडते’ असं मनाशी म्हणाले आणि तिची वेळ दुसऱ्या मुलाला दिली. वाक्य सोयीचं आहे. त्याने जिना उतरून खाली जावं लागत नाही.

तीन महिने गेले. एके दिवशी श्रीगोंद्याकडच्या एका आईने पिशवीतून दुधाची बाटली काढताना एक डबा बाहेर ठेवला. पिवळा डबा, त्यावर गुलाबी मेंदू, मेंदूतून निघणारे सोनेरी किरण आणि अक्षरं: ‘मायलिन मेधा तूप’. त्याखाली मी. काष्टीच्या सभागृहात हात वर करून बोलत असलेली मी. आणि माझ्याखाली, ‘नगरच्या सुप्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ शेख मॅडम यांच्या मार्गदर्शनाखाली’.

इतक्या वर्षांत मला कुणी फिजिओथेरपिस्ट म्हटलं नव्हतं. दत्तूनानांनी थेट मेंदूतज्ज्ञ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी काष्टीला गेले. रमजानचे दिवस होते. दत्तूनानांनी मला पाहताच खुर्ची पुसली आणि वाटीत तूप घेऊन चमचा पुढे केला.

“मॅडम, चाखा तरी.”

“रोजा आहे माझा.”

“मग इफ्तारला डबा घिऊन जा की. घरचंच समजा.”

“नाना, माझा फोटो कुणाला विचारून छापलात?”

त्यांना खरोखर वाईट वाटलं. “का वो? बरा न्हाई आला? फोटोवाल्यानं लई गोरं केलंय जरा, म्या म्हनलं हुतं त्याला.”

“तुपाने मायलिन होत नाही, नाना. पोटात गेलेलं तूप पचतं. ते उठून डोक्यात जाऊन गुंडाळलं जात नाही. त्या पेशी आपलं साहित्य बहुतेक स्वतःच बनवतात.”

“पर तुमीच म्हनला हुता ना? ‘तसंच समजा’ म्हनला. व्हिडिओ हाय माझ्याकडं.” त्यांनी मोबाईल काढला आणि मला माझाच व्हिडिओ दाखवला. मी त्यात फार प्रसन्न दिसत होते.

“आन् मॅडम,” ते हात जोडून म्हणाले, “तुपानं कुनाचं वाईट झालंय का आजपातूर?”

या प्रश्नाचं उत्तर वस्तीवर होतं, पण ते मला अजून माहीत नव्हतं. मी त्यांना विचारलं, “आबांच्या घरी डबा जातो का?”

“पैला डबा त्यांचाच!” नाना अभिमानाने म्हणाले, आणि स्वतःच्या टेम्पोतून मला वस्तीवर सोडायला निघाले.

मनीषा दारात आली, मला पाहून आनंदली. आत तनुजा गोधडीवर पडली होती. मी तिचा पाय हातात घेतला. पोटऱ्या दगडासारख्या लागल्या. घोटा सरळ होत नव्हता. दीड महिन्यात जे मिळवलं होतं ते तीन महिन्यांत गेलं होतं. पण मी तिच्या पायाकडे फार वेळ पाहिलं नाही, कारण तिचा श्वास ऐकू आला. घरघर होती, आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

“कधीपासून?”

“चार दिस झालं. सर्दी हाय.”

“तूप कसं देतेस तिला?”

“चमच्यानं. निजवून. सकाळ-सांच्याला.”

ज्या मुलाला नीट गिळता येत नाही त्याला आडवं ठेवून तूप पाजलं की ते थेंब थेंब श्वासनळीत उतरतं. तिथून ते निघत नाही, फुप्फुस सुजतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी हे पहिल्या दिवशी सांगत असे. मनीषाला सांगितलं होतं का? मी पुष्कळदा आठवून पाहिलं. त्या दिवशी मी पेशींबद्दल बोलले होते. फार छान बोलले होते.

“तू यायची का थांबलीस?” मी विचारलं. आवाज चढला असावा.

मनीषा गोंधळली. “मॅडम, डब्यावर तुमचाच फोटो हुता की. म्हनलं मॅडमनीच काढलंय हे, आता एष्टीनं कशाला जायचं पोरीला घिऊन उनातानात. तुमच्या नावानं रोज देत हुते.”

मी तनुजाला उचललं, छातीशी उभी धरली आणि टेम्पोकडे निघाले.

दौंड जवळ होतं, तिथल्या मुलांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. टेम्पो नानांनीच चालवला. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना तोच गुलाबी मेंदू, तीच सोनेरी किरणं आणि तीच मी. रेल्वे फाटकाजवळ वाहनं अडली तेव्हा एक मोटारसायकलवाला माझ्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीने बघत राहिला. मागे मनीषा मोठ्याने रडत होती, आबा “काय न्हाई हुत, काय न्हाई हुत” म्हणत होते, आणि डबे एकमेकांवर आपटत होते. नानांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

न्यूमोनिया निघाला. प्राणवायू लावला, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसले. वाट बघताना हातांना काय काम द्यावं कळत नव्हतं. कधी तरी आबा समोर आले. हातात पाण्याची बाटली आणि दोन केळी.

“मॅडम, दिस मावाळला. सोडा आता.”

त्यांच्या नातीच्या नळ्या आत लागल्या होत्या, आणि माझा रोजा कधी सुटतो हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील. त्या मी सहज सोसल्या असत्या.

तनुजा सहा दिवसांनी घरी गेली.

मी रीतसर तक्रार केली. रुग्णालयात चौकशी समिती बसली. समितीचा पहिला प्रश्न होता, डब्यावर रुग्णालयाचं नाव का नाही? दुसरा प्रश्न, व्याख्यानाचा बॅनर फोटोतून कुणी कापला? बॅनर कापल्याबद्दल क्लार्कला समज देण्यात आली. तुपाचा नमुनाही तपासायला गेला. अहवाल आला: तूप उत्तम, भेसळ अजिबात नाही. दत्तूनानांनी तो अहवाल काचेत बसवून डेअरीत लावला.

डब्यावरचा माझा फोटो मात्र त्यांनी काढून टाकला. कुणी सांगितलं म्हणून नाही. दौंडहून परत आल्यावर त्यांनी स्वतःच उरलेल्या डब्यांवर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. नवीन डब्यांवर ‘मायलिन’ जाऊन नुसतं ‘मेधा’ उरलं. लोक मागतच होते, आणि नाना धंदा सोडणारे नव्हते. पण त्यानंतर लहान मूल असलेलं कुणी दुकानात आलं की ते सांगत, “आडवं निजवून पाजू नगा बरं का.” त्यांच्या दुकानात पैसे न घेता मिळणारी तेवढी एकच गोष्ट असेल.

मी बाजाराच्या दिवशी पुन्हा काष्टीला जाऊन दुसरं व्याख्यान दिलं. विषय: ‘मी चुकीचं बोलले’. पहिल्याला सभागृह निम्मं भरलं होतं. याला नऊ माणसं होती, त्यातली दोन उन्हातून सावलीला आलेली.

मनीषा पुन्हा येऊ लागली. तीन महिने वाया गेल्याबद्दल ती एकदाही बोलली नाही. मग लॉकडाऊन आला, एसटी बंद झाली, आणि आमचा विभाग ‘अत्यावश्यक नाही’ असं परिपत्रक निघालं. मनीषाने नवऱ्याला टचस्क्रीन मोबाईल घ्यायला लावला. घरात रेंज नसे, म्हणून ती तनुजाला घेऊन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर बसायची. मी नगरमधून सांगायची, ती तिकडे पाय ताणायची, बसवायची, उभं करायची. मध्येच चित्र थांबायचं, आवाज तुटायचा. तरी तिचा खाडा पडला नाही. पावसात ती डोक्यावर खताची गोणी घेऊन बसलेली मला आठवते.

मी नोकरीत यंत्रं पाहिली, तज्ज्ञ पाहिले, परिषदांच्या जेवणाची कूपनं पाहिली. तनुजाला चालवलं ते त्या स्लॅबवर, तिच्या आईने. साडेतीन वर्षांची असताना ती भिंतीला धरून उभी राहिली. चार पूर्ण झाली तेव्हा पायात पट्टे घालून सुटी चालली, गुडघे आत, टाचा उचललेल्या, डुलत. अडकलेल्या पेशी पिकल्या की उरलेल्यांनीच जास्तीचं काम ओढलं, मला सांगता येणार नाही. ते तीन महिने गेले नसते तर ती आणखी चांगली चालली असती का, हेही सांगता येणार नाही. हा प्रश्न मी कुणाला विचारत नाही. मला कुणी विचारू नये असंही वाटतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात आबांचा निरोप आला, हुरडा खायला या. तनुजा आता सात वर्षांची आहे, गावच्या शाळेत जाते. रस्त्यापासून वस्तीपर्यंत बांधाची वाट, आणि माझे दोन्ही गुडघे आता कामातून गेलेले. ती मला घ्यायला पुढे आली होती. डुलत डुलत ती पुढे चालत होती, मी मागे. थोड्या वेळाने ती थांबली, वळली आणि कमरेवर हात ठेवून माझ्या पायांकडे नीट बघत उभी राहिली. मी मुलांच्या पायांकडे बघत असे, अगदी तशीच.

“मॅडम, तुमी पाय वडत चालताय,” ती म्हणाली. “आदी टाच टेकवा. मग पंजा.”

“दुखतंय गं.”

“दुखतंच. मोजा मग. धा पावलं झाली की थांबू.”

तिने हात पुढे केला. मी तो धरला आणि टाच टेकवली.

“एक,” तनुजा म्हणाली.